आधी जमीन, मग पक्षी

गोल्डन फेझंट घेणारा माणूस रंगाला भुलून घेतो, आणि त्यात गैर काही नाही. डोक्यावर सोनेरी शेंडी, मानेभोवती काळ्या रेघांची नारिंगी पिसं, पोट लालभडक आणि अंगापेक्षा लांब शेपूट असा नर समोर आला की कोणीही हरखून जाईल. मूळचा हा मध्य चीनच्या डोंगराळ जंगलातला पक्षी. कोंबडी, मोर, तितर आणि लावा यांच्याच कुळातला. त्याचे भाऊबंद सिल्व्हर फेझंट आणि रिंगनेक फेझंट हेही हौशी लोकांकडे असतात. पक्ष्यांची डॉक्टर म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीत काम करताना मला ते नाना ठिकाणी भेटले: घोडबंदर रोडलगतच्या बंगल्याच्या परसात, डोंबिवलीतल्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर, कल्याण-शीळ रस्त्याच्या आतल्या गावांत गोठ्याला लागून, बदलापूर-मुरबाडकडच्या फार्महाउसवर.

पाळणाऱ्यांचे ढोबळ दोन प्रकार. शहरातला माणूस फेझंटला पोपटासारखा ठेवतो: जाळीचा पिंजरा, वाटीत राळं आणि बाजरी, खाली वर्तमानपत्र. गावातला माणूस त्याला कोंबडीसारखा ठेवतो: सकाळी अंगणात सोडायचा, संध्याकाळी खुराड्यात कोंडायचा. फेझंट यांपैकी काहीच नाही. तो पायाने माती उकरत जगणारा पक्षी आहे, पण कोंबडीने हजारो वर्षं माणसाच्या दारात काढून जी धिटाई आणि जी सहनशक्ती कमावली, ती त्याच्याजवळ नाही. त्यामुळे त्याची निम्म्याहून जास्त दुखणी पायाखालून येतात. आता माझी पद्धतच पडून गेली आहे. पक्षी खोक्यात घालून दवाखान्यात आणला तरी मी आधी त्याच्या जागेचे फोटो मागते, आणि जमेल तेव्हा जागाच पाहायला जाते. तिथे ओल किती, ऊन कुठून येतं, शेजारी कोंबड्या आहेत का, छप्पर कशाचं आहे, एवढं पाहिलं की निदानाचं बरंचसं काम उरकलेलं असतं.

"मॅडम, काल संध्याकाळपर्यंत एकदम ओके होता." हे वाक्य प्रत्येक फोनवर ऐकायला मिळतं. रानात जो पक्षी आजारी दिसतो तो शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून फेझंट शेवटपर्यंत दुखणं झाकून ठेवतो. माणूस जाळीजवळ गेला की मान ताठ होते, डोळे टक्क उघडतात. आजारी पक्षी दाण्यावर चोचही मारत राहतो, फक्त पोटात काही जात नाही. म्हणून पाहायचं ते दुरून, सकाळी, त्याला आपली चाहूल लागायच्या आत. पिसं फुगवून एका कोपऱ्यात बसला आहे का? डोळे मिटत आहेत का? प्रत्येक श्वासाला शेपूट खालीवर होते आहे का? बाकीचे दाण्याकडे धावले तेव्हा हा मागे राहिला का? या चार प्रश्नांची उत्तरं रोज पाच मिनिटं देऊन घेतली, तर डॉक्टरला दोन-तीन दिवस जास्तीचे मिळतात. पक्ष्यांच्या बाबतीत दोन-तीन दिवस म्हणजे पुष्कळ.

दुसरी गोष्ट विष्ठेची. लोकांना याची किळस वाटते, पण पक्ष्याच्या पोटाची बातमी तिथेच मिळते. निरोगी विष्ठा गडद, घट्ट आणि वर पांढरी टोपी असलेली. दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी तपकिरी, चिकट, उग्र वासाची विष्ठाही पडते. ती मोठ्या आतड्याला जोडलेल्या दोन बंद पिशव्यांतून येते आणि तीही निरोगीच असते. अशा विष्ठेचे फोटो रात्री अकराला पाठवणारे घाबरलेले मालक खूप आहेत, त्यांना मी झोपायला सांगते. गर्द हिरवी पातळ विष्ठा म्हणजे बहुतेकदा पक्ष्याच्या पोटात अन्न नाही. रक्ताळलेली असेल तर आतड्यात कॉक्सिडिया या परजीवीचा संशय घ्यायचा. आणि गंधकासारखी पिवळीजर्द, फेसाळ विष्ठा दिसली तर त्याच दिवशी निघायचं.

तिसरी गोष्ट वजनाची. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक पुठ्ठ्याचा खोका एवढंच पुरतं. गोल्डन नराचं वजन साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम असतं. त्यातले साठ-सत्तर ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि दाट पिसांमुळे तो डोळ्यांना दिसत नाही. हाताला मात्र कळतो. छातीच्या मधोमध जे हाड असतं, त्याच्या दोन्ही बाजू मांसाने भरलेल्या लागल्या पाहिजेत. हाडाची धार बोटाला टोचू लागली की समजायचं, दुखणं आजचं नाही.

इथे मादीविषयी बोलायला हवं. फेझंटची मादी तपकिरी, ठिपक्यांची, पाचोळ्यात बसली तर दिसू नये अशी. घरी पाहुणे आले की नर दाखवला जातो, फोटो नराचे निघतात. नराचं एक पीस गळलं तर मला फोन येतो. मादी कधी बारीक झाली हे कोणाच्या लक्षात नसतं. अंड्यांच्या हंगामात, म्हणजे उन्हाळ्याच्या महिन्यांत, कॅल्शियम कमी पडलेली मादी अंडं अडकून शेपूट खाली टाकून, पाय फाकवून बसते, आणि "ती तशी शांतच असते" असं मला सांगितलं जातं. उबदार अंधाऱ्या खोक्यात ठेवून कॅल्शियम दिलं तर यातल्या बऱ्याच माद्या वाचतात, फक्त कोणीतरी त्यांच्याकडे पाहिलेलं असावं लागतं. माझ्याकडे आलेल्या फेझंटमध्ये उशिरा आणलेल्यांत माद्याच जास्त असतात. याला आजार कारण नाही, आपली नजर आहे.

कल्याण-शीळ रस्त्याच्या आतल्या एका गावात आगरी कुटुंबाच्या वाड्यात गोल्डनची एक तुकडी होती, एक नर आणि काही माद्या. अंगण मोठं, आंब्याची सावली, भोवती गावठी कोंबड्या. नर मलूल, पंख खाली सोडलेले आणि विष्ठा तीच पिवळीजर्द. घरातल्या आजी कमरेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "कोंबऱ्यांना काय नाय झाला, मंग याला कसा झाला गो?" प्रश्न अगदी नेमका होता. या रोगाला ब्लॅकहेड म्हणतात. डोकं काळं पडणं प्रत्येक वेळी दिसत नाही, नाव मात्र तेच चिकटलं आहे. हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय जीव आतड्यात आणि यकृतात घर करतो. पण तो एकटा फिरत नाही. कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंताच्या अंड्यात बसून तो मातीत उतरतो, आणि ते अंडं मातीत काही वर्षंसुद्धा टिकतं. गांडूळ ते गिळतं, गांडूळ फेझंट गिळतो. कोंबडी हा जंत आणि हा जीव दोन्ही अंगावर वागवते आणि तिला सहसा काही होत नाही. मोर, टर्की, फेझंट यांच्या मात्र तोच जिवावर उठतो.

उपचार होता. मेट्रोनिडाझोल वजनाप्रमाणे मोजून थेट तोंडातून, आणि जोडीला जंताचं औषध. ते पाण्याच्या सामायिक भांड्यात टाकायचं नाही, असं मी दोनदा बजावलं, कारण अंडी-मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या पोटात हे औषध जाऊन चालत नाही. नर सावरला, एक मादी मात्र गेली. पण खरा प्रश्न पुढचा होता. कोंबड्या कोंडून ठेवा असं त्या घराला सांगणं व्यर्थ होतं. हळदीला, जत्रेला, पाहुण्याला कोंबडा लागतो; त्या अंगणावर पहिला हक्क कोंबड्यांचा. मग फेझंटनाच हलवायचं ठरलं. वाड्याच्या दुसऱ्या टोकाला कोंबड्या कधी चरल्या नव्हत्या अशा जागी दोन फूट उंच चौथरा बांधला, वर जाड वाळूचा थर, भोवती जाळी, आणि पावसाचं पाणी वाहून जाईल असा उतार. वाळू ठरावीक दिवसांनी बदलायची. आत जाताना चपला वेगळ्या, कारण कोंबड्यांच्या अंगणातली माती आपल्याच पायांनी आत जाते. आजींना चपलांचं कारण आधी पटलं नाही. मी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जंताचं अंडं दाखवलं. त्यानंतर त्या चौथऱ्यावर घरातल्या मुलांनाही अनवाणी चढू देईनात.

पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या फेझंटची तक्रार बहुधा एकच असते: सर्दी. तोंड उघडून श्वास घेतो, मान लांब करतो, डोकं झटकतो, शिंकल्यासारखा आवाज काढतो. तोवर घरच्यांनी ओव्याची धुरी दिलेली असते, मेडिकलमधून अँटिबायोटिकचं सिरप आणून पाजलेलं असतं. बदलापूरच्या पुढच्या एका फार्महाउसवर असाच प्रकार होता. उल्हास नदीकडे उतरत जाणारी हिरवीगार जमीन, बाग सुंदर, आणि त्या ओल्या मातीत गांडुळं आणि गोगलगाई भरपूर. पक्ष्याच्या नाकाला पाणी नव्हतं, डोळ्यांत फेस नव्हता. तोंड उघडून टॉर्चचा उजेड श्वासनलिकेच्या तोंडावर पाडला तर आत लालभडक धाग्यासारखे जंत. या जंताचे नर-मादी कायमचे जोडलेले असतात, त्यामुळे ओढून काढलेला जंत इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो. पक्षी खोकतो, अंडी वर येतात, गिळली जातात, विष्ठेतून मातीत पडतात, तिथून गांडुळात आणि गोगलगाईत, आणि पुन्हा पक्ष्यात. अँटिबायोटिकचा इथे काडीचा उपयोग नाही.

यावर फेनबेंडाझोल चांगलं चालतं, पण पावसाळ्यात एक अडचण उभी राहते. अंड्यांचा हंगाम संपला की फेझंट पिसं झाडतात, आणि नवी पिसं फुटत असताना हे औषध दिलं तर ती वेडीवाकडी येऊ शकतात. जंतांचा हंगाम आणि पिसांचा हंगाम एकाच वेळी. जीव की पिसारा असा प्रश्न असेल तर उत्तर उघड आहे, पण बहुतेक वेळा दुसरं औषध निवडून दोन्ही सांभाळता येतं. हे मालकाला आधी सांगितलेलं बरं. नाहीतर दिवाळीत फोन येतो की पक्षी वाचला पण शेपूट वाकडी झाली.

खरी सर्दी ओळखायची खूण वेगळी आहे. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे डोळ्याखालचा भाग फुगतो, डोळा बाहेर आल्यासारखा दिसतो, कडेला फेस जमतो. त्यावर टायलोसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं लागू पडतात. पण बरा झालेला पक्षीही अंगात जंतू बाळगून राहू शकतो, आणि हा रोग अंड्यातून पिलात उतरतो. असा पक्षी विकू नका, त्याची अंडी उबवू नका, एवढं मी हात जोडून सांगते. बाजारातून नवा पक्षी आणला तर तो किमान महिनाभर वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांत ठेवायचा आणि त्याचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करायचं, हा नियम याचसाठी. क्रॉफर्ड मार्केटच्या पिंजऱ्यातून आलेला पक्षी त्याच संध्याकाळी जुन्या पक्ष्यांत सोडणारे लोक आजही भेटतात.

पिलांची कथा निराळी. डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये बेडरूममधल्या छोट्या इन्क्युबेटरवर गोल्डनची अंडी उबवणारी मुलं आहेत. बावीस-तेवीस दिवसांनी पिलं बाहेर येतात आणि घरात सण होतो. मग पिलं गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवली जातात. पाय घसरतात, फाकतात, आणि कोवळी हाडं तशीच धरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत दोन्ही पाय योग्य अंतरावर मऊ चिकटपट्टीने बांधले तर पिलू सरळ चालू लागतं. आठवड्यानंतर आणलं तर माझ्या हातात फारसं राहत नाही. वर्तमानपत्रावर खडबडीत टॉवेल टाकला असता तर यातलं काहीच झालं नसतं. उष्णतेचं गणितही सोपं आहे: पहिल्या आठवड्यात दिव्याखाली पस्तीस अंशांच्या आसपास, पुढे आठवड्याला दोन-तीन अंश कमी. दिव्याखाली घोळका झाला म्हणजे थंडी वाजते आहे, सगळी भिंतीकडे पळाली म्हणजे उकडतं आहे.

खाण्यात मोठी चूक होते ती बाजरी-राळ्याची. फेझंटच्या पिलाला सुरुवातीला सव्वीस ते तीस टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं, म्हणजे ब्रॉयलरच्या पिलाच्या खाद्यापेक्षाही जास्त. नुसत्या दाण्यावर वाढवलेलं पिलू पायात कमजोर, बोटं आत वळलेली आणि पिसं विरळ असं होतं. अशा पिलांना मी ब्रॉयलर प्री-स्टार्टरला उकडलेल्या अंड्याची आणि जीवनसत्त्वांची जोड देते. मग तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात कॉक्सिडिया डोकं वर काढतो. गावाकडे याला रक्ती हगवण म्हणतात. याची बीजं विष्ठेतून पडतात आणि ऊब, ओल, हवा मिळाली की एक-दोन दिवसांत रोग द्यायला तयार होतात. जुलैमधली आमच्याकडची हवा म्हणजे त्यांच्या आवडीचीच. अँप्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल ही औषधं वेळेवर दिली तर उत्तम काम करतात, पण खाली अंथरलेलं तूस ओलं राहिलं तर रोग पुन्हा येतोच. फिनेलने लादी पुसली तरी या बीजांचं काही बिघडत नाही. उकळतं पाणी आणि कडक कोरडेपणा यांनाच ती हार जातात.

ओलीचा आणखी एक वार खाद्यातून होतो. भिजलेला मका, कुबट शेंगदाणा पेंड, गोणीच्या तळाची गाठाळलेली भुकटी, यांत बुरशीचं विष तयार होतं. हे विष जगाला कळलं तेच पक्ष्यांमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची पिलं लाखाच्या घरात मेली, आणि त्यांच्याबरोबर बदकांची आणि फेझंटची पिलंही. शोध घेता घेता संशय बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीवर येऊन थांबला आणि अफ्लाटॉक्सिनचा उलगडा झाला. आपल्याकडे पावसाळ्यात एक महिन्याचं खाद्य एकदम भरून ठेवायची सवय आहे. ती मोडा, पंधरा दिवसांचंच आणा, आणि वास आला की फेका. "कोंबड्यांना घालू" हेही नको.

फेझंट एकाएकी दचकला की सरळ वर झेपावतो. छप्पर पत्र्याचं किंवा कडक जाळीचं असेल तर डोकं आपटतं आणि टाळूची कातडी मागे सोलली जाते. गणपतीत ढोल-ताशाचं पथक गल्लीतून गेलं, दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला, की दुसऱ्या सकाळी अशा जखमा येतात. रक्त फार दिसतं, मालक रडकुंडीला येतात, पण वेळेत टाके घातले तर या जखमा चांगल्या भरतात. मान वाकडी झाली, पक्षी गोल फिरू लागला, तर मात्र मेंदूला मार बसलेला असतो. उपाय स्वस्त आहे: छपराच्या खाली एक फूट अंतरावर क्रिकेटच्या सरावाला लावतात तसली मऊ नायलॉनची जाळी सैल ताणायची. सणाच्या दिवसांत तीन बाजूंनी गोणपाट लावून अंधार करायचा. अंधारात फेझंट शांत होतो. पकडायचंही त्यामुळे सूर्य मावळल्यावरच, दोन्ही पंख अंगाशी धरून. शेपटीला धरलं तर पिसं हातात राहतात आणि पक्षी पळतो. भर दुपारी जाळ्या घेऊन मागे धावलात तर औषधाआधी धसक्यानेच तो जाईल.

गच्चीवर पाळणाऱ्यांचे प्रश्न वेगळे. मे महिन्यात डोंबिवलीच्या गच्चीवर दुपारी लादीवर पाय ठेववत नाही, तिथे हा थंड डोंगरांतला पक्षी चोच उघडून धापा टाकत असतो. गोल्डन नराचा रंग कडक उन्हात विटतो, हे सांगितलं की सावलीची हिरवी जाळी लगेच लागते. जिवाच्या भीतीपेक्षा रंगाची भीती लवकर कामाला येते, म्हणून मी रंगच आधी सांगते. सिमेंटच्या खडबडीत लादीवर सतत उभं राहून तळव्यांना गाठ होते, मध्ये काळी खपली धरते, आत पू. सुरुवातीला कोमट पाण्याने शेकून, पोव्हिडोन आयोडीन लावून आणि पायाखाली वाळू घालून भागतं; उशीर झाला की चिरावं लागतं. नव्या चकचकीत जाळीवरचा जस्ताचा मुलामा टोचून खाल्ल्याने विषबाधा झालेले पक्षीही मी पाहिले आहेत: हिरवी विष्ठा, तोल जाणं, सतत तहान. नवी जाळी पक्षी सोडण्याआधी तारेच्या ब्रशने घासून व्हिनेगरने धुवावी. याला अर्धा तास लागतो.

औषधांबद्दल थोडं कडक बोलते. आपल्याकडे मेडिकलवाल्याला लक्षण सांगून गोळी आणण्याची पद्धत आहे, आणि सहाशे ग्रॅमच्या पक्ष्याला "अर्धी गोळी" ही मात्रा ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर अजिबात नकोत. डायक्लोफेनॅकने भारतातली गिधाडं संपत आली आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, हे आठवलं तरी पुरे. वेदनेसाठी पक्ष्यांना मेलॉक्सिकॅम देता येतं, तेही तोलून. पाण्यात मिसळून दिलेल्या औषधावर मी फार विसंबत नाही, कारण आजारी पक्षी पाणीच कमी पितो, आणि पावसाळ्यात तर सगळेच कमी पितात. डॉक्टरकडे पोचेपर्यंत घरी करण्यासारखं एवढंच: पक्षी वेगळा काढा, खोक्यात अंधार आणि तीस अंशांच्या आसपास ऊब ठेवा, साखर-मिठाचं पाणी थेंबाथेंबाने चोचीच्या कडेला लावा. घशात ओतू नका.

एका रोगापुढे मात्र माझी पिशवी बंद असते. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशात पहिल्यांदा कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला, तेव्हा आमच्याकडच्या लोकांना तो फार लांबचा वाटला होता. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात मेलेल्या बगळ्यांत तो निघाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत कोंबड्या मेल्या, भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान पक्कं केलं, आणि एक किलोमीटरच्या परिघातले हजारो पक्षी नष्ट करावे लागले. त्या दिवसांत हौशी लोक फोनवर कुजबुजत विचारायचे, "मॅडम, आमचे लपवून ठेवू का?" मी सांगायची, लपवू नका, बंद ठेवा. वरून पत्रा किंवा ताडपत्री घाला म्हणजे रानपक्ष्यांची विष्ठा आत पडणार नाही, उघड्यावर पाणी ठेवू नका, आणि एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा. हे ऐच्छिक नाही, २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने ते बंधनकारक आहे. ज्याचा पक्षी नष्ट होतो त्याचं दुःख मी हलकं लेखत नाही. पण तो माणूस आणि त्याची मुलं त्याच अंगणात झोपतात.

कायद्याची दुसरी बाजूही सांगून टाकते. परदेशी गोल्डन-सिल्व्हर पाळणं वेगळं आणि आपल्या रानातला पक्षी पाळणं वेगळं. सह्याद्रीतला रानकोंबडा, तितर, मोर किंवा हिमालयातले मोनाल आणि कालिज घरी ठेवता येत नाहीत. ही मनाई १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आहे. परदेशी प्रजातींपैकी ज्या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत त्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. जखमी रानकोंबडा सापडला म्हणून कोणी आणला तर मी प्रथमोपचार करते आणि वनखात्याला फोन लावते. तो बरा करून घरी न्यायचा, हा हट्ट माझ्याकडे चालत नाही.

पक्षी मेला तर लोक तो पुरून टाकतात आणि मग मागे राहिलेल्यांना काय झालं म्हणून विचारायला येतात. मेलेला पक्षी हा राहिलेल्या पक्ष्यांसाठी सगळ्यात खरा साक्षीदार असतो. तो हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधा, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या थंड जागी ठेवा आणि लवकरात लवकर शवविच्छेदनासाठी न्या. बर्फाच्या कप्प्यात गोठवलात तर आतल्या पेशी फुटतात आणि बरंचसं वाचता येत नाही. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, आणि पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. एका शवविच्छेदनाने उरलेली तुकडी वाचलेली मी पाहिली आहे. यकृतावरचे ब्लॅकहेडचे गोल चट्टे एकदा पाहिले की मग अंदाजाने औषधं मारत बसावं लागत नाही.

फेझंट घेऊ का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी किंमत विचारत नाही, जागा विचारते. कोंबड्यांनी कधी न उकरलेली, कोरडी, सावलीची, वरून मऊ जाळी लावता येईल अशी जागा असेल तर घ्या. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, त्यांना लपायला झुडूप द्या, आणि दोन नर एकत्र ठेवू नका. महिन्यातून एकदा वजन करा, दर तीन महिन्यांनी विष्ठा तपासून घ्या, आणि त्या तपकिरी मादीकडे नरापेक्षा एक मिनिट जास्त पाहा. एवढं जमणार नसेल तर पक्षी घेऊ नका.